राजवायू आणि एक भांडण

राजवायूंचा धडा मी शाळेत इतकी वर्षं शिकवला की पुस्तक न उघडता तास घेऊ शकत असे. हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन. यांच्या बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन पुरे असतात, म्हणून यांना कुणाकडून काही घ्यायचं नसतं आणि कुणाला काही द्यायचं नसतं. दरवर्षी एखादी मुलगी विचारायचीच, "मॅडम, हे कुणाशी जोडलेच जात नाहीत, तर यांना राजा कशाला म्हणायचं?" मी म्हणायचे, "म्हणूनच म्हणायचं." वर्ग हसायचा आणि मी फळा पुसायला वळायचे.

मी निवृत्त होण्याच्या सुमारास हे पाचही जण आमच्या घरी राहायला आले. एका निळसर रंगाच्या, पिंपाएवढ्या बंद यंत्रातून आले.

त्या यंत्रात नवीन काय होतं ते आधी सांगते. शिकवायची खोड काही जात नाही. ठिणगी पडली की या वायूंचे अणू उत्तेजित होतात, आणि एरवी कुणाच्या वाऱ्याला उभे न राहणारे हे अणू तेवढ्यापुरते एकमेकांना धरतात. जोडी बनते. पापणी लवायच्या कितीतरी आधी ती तुटते, आणि तुटताना प्रकाश टाकते. इथवर सगळं जुनंच होतं. नवा शोध असा की, पाचही वायू ठरावीक प्रमाणात मिसळले, सिलिंडरला आतून एका मिश्रधातूचा मुलामा दिला आणि ठिणगी ठरावीक लयीत दिली, तर जोड्या तुटताना ठिणगीत घातली त्याहून जास्त ऊर्जा बाहेर पडते. ती कुठून येते यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत. कुणी म्हणतं पोकळीतून येते, कुणी म्हणतं मुलामा झिजतोय आणि ते आपल्याला कळत नाहीये. भांडण मिटायची वाट न बघता कंपन्यांनी यंत्रं विकायला काढली. वायू फुगतात, दट्ट्या ढकलतात, पुन्हा आकसतात. दट्ट्या आत, त्याचं चुंबक आत, आणि वीज तयार होते बाहेरच्या वेटोळ्यात. म्हणजे इंधन नाही, धूर नाही, यंत्राला एक भोक नाही आणि काडीचा आवाज नाही. लोक त्याला नुसतं 'राजा' म्हणू लागले. "तुमच्याकडं राजा आला का?" असं भाजी घेताना विचारायचे.

राजावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'उघडू नये'. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असं काही लिहून पाठवणं म्हणजे आमंत्रणच. इथला माणूस नवीन मिक्सर आणला तरी आधी त्याचे स्क्रू बघतो. माझे यजमान धनपाल मगदूम तर लेथवर वाढलेले. वर आमचं घर, खाली यांची शेड, आणि शेडच्या मागच्या अंगाला पायऱ्या उतरून एक खड्डा. सासऱ्यांच्या काळापासून तिथे ऑइल इंजिन होतं. ते काढून यांनी राजा बसवला, आणि काही दिवसांनी त्याला भोक पाडलं. आतल्या दट्ट्याला दांडा जोडून बाहेर काढला, त्यावर जुन्या इंजिनाचं बिडाचं चाक चढवलं, आणि दांड्याभोवती स्वतःच्या हातानं घासून बसवलेलं पॅकिंग घातलं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हवेचा झटका जुन्या सायलेन्सरमधून बाहेर पडेल अशी सोयही केली. मग राजा बोलू लागला. डुग, डुग, डुग. अगदी जुन्या इंजिनासारखा.

हे सगळं यांनी का केलं, ते मागाहून सांगते. मुद्दाम मागे ठेवलंय, आणि तसं ठेवण्यालाही कारण आहे.

"पॅकिंगमधनं थोडा वायू जाणारच," हे म्हणाले होते, आणि तूट भरून निघावी म्हणून यांनी वर एक छोटी टाकी बसवली. "पण राजवायू हायत. कुणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. कुणाला काय करणार ते?"

मी मान डोलावली. धड्यात तसंच होतं.

हे गेले ते सकाळच्या वेळी, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शन करून येताना. दुखणं नाही, खुपणं नाही. कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं धावत येऊन सांगितलं तेव्हा मी यांच्यासाठी भडंग कालवत होते. कांदा घातला होता आणि ताट झाकून ठेवलं होतं.

त्यानंतरच्या संध्याकाळी फार लांबल्या. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत आमची जेवणं होतात. जगातली माणसं संध्याकाळी स्वयंपाकाला लागतात तेव्हा आमची भांडी घासून पालथी पडलेली असतात. एवढी वर्षं त्या वेळेला आम्ही दोघं गप्पा मारत बसायचो, म्हणजे मी गप्पा मारायचे आणि हे ऐकायचे. आता जेवण झालं की मला घर खायला उठायचं. मग मी पायऱ्या उतरून खड्ड्यात जायचे, राजाशेजारी पाटावर बसायचे, आणि डुगडुग ऐकत यांना आठवायचे.

मी शिस्तीची बाई. आठवणीही शिस्तीत काढायचे. आज लग्नानंतरची श्रवणबेळगोळची यात्रा, उद्या चंदना झाली तो दिवस, परवा पन्हाळ्याची रात्र. एकेक आठवण बारकाव्यांसकट, पुन्हा पुन्हा. यांच्या शर्टाला येणारा लेथवरच्या कुलंट तेलाचा वास, हसताना झाकायचा दात, मला हाक मारायची ती तऱ्हा. तिथे बसलं की मनाला एक गोड गुंगी यायची. मी यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, आणि माझा आवाज जड, खर्जातला व्हायचा, जवळजवळ यांच्यासारखा. मला वाटायचं, रडू दाटून येतंय. खरं सांगायचं तर मला तो आवाज आवडायचा. जणू दोघं बोलतोय असं वाटायचं.

हळूहळू रडू कमी झालं. शेजारच्या बायका म्हणायच्या, "त्रिशलाताई सावरल्या हो." मलाही तसंच वाटलं. सावरणं म्हणतात ते हेच असेल, असं समजून मी रोज सावरायला खाली जात राहिले.

चंदना, आमची मुलगी, मिरजेला भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी रोग्याला भूल द्यायची आणि नंतर सुखरूप जागं करायचं हे तिचं काम. वर्षश्राद्धासारखं काही आमच्यात नसतं, पण त्या सुमारास ती सुट्टी काढून आली. लवकर जेवलो. जेवताना ती म्हणाली, "आई, काल पन्हाळ्याकडून येताना धुकं लागलं. मला ती रात्र आठवली. स्कूटरचा दिवा गेला होता बघ."

"कुठली गं रात्र?"

ती हसली. "तू गाडी चालवत होतीस, अण्णा आणि मी मागे. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मग अण्णा उतरले आणि पुढे चालत सुटले, मोठमोठ्यानं आरती म्हणत. किती बेसूर! 'माझ्या आवाजावर ये,' म्हणाले. तू त्या आवाजाच्या मागे मागे गाडी आणलीस."

मला फार मजा वाटली. मी हातातला घास तसाच धरून विचारलं, "मग पुढे काय झालं?"

चंदनाचं हसू मावळलं. "आई, ही गोष्ट तू सगळ्यांना सांगायचीस. प्रत्येक लग्नात सांगायचीस. लोक कंटाळायचे."

मी डोळे मिटून बघितलं. पन्हाळा माहीत होता, स्कूटर माहीत होती. आम्ही एकदा धुक्यात अडकलो होतो हेसुद्धा, सनावळी पाठ असावी तसं, माहीत होतं. पण धुकं दिसेना आणि आरती ऐकू येईना. मग मी घाबरून दुसऱ्या आठवणीकडे गेले. श्रवणबेळगोळ. तिथल्या पायऱ्या चढताना यांनी काहीतरी म्हटलं होतं ज्यावर मी खूप हसले होते. काय म्हटलं होतं? चंदना झाली तेव्हा यांचा चेहरा? हाक मारायची ती तऱ्हा?

"खाली जाऊ," मी म्हटलं. "खाली मला सगळं आठवतं."

ती माझ्यामागून पायऱ्या उतरली. मी पाटावर बसले, ती माझ्याशेजारी उकिडवी बसली. चाक फिरत होतं. "हे बघ, इथे बसलं ना की—" मी बोलले, आणि चंदना दचकून माझ्याकडे बघायला लागली.

"आई, तुझा आवाज!" ती म्हणाली, आणि तिचाही आवाज तसाच जाड, पुरुषी निघाला. ती क्षणभर स्वतःचंच बोलणं ऐकत थांबली. मग तिनं माझ्या दंडाला धरलं आणि मला अक्षरशः फरफटत वर नेलं. शेडची दारं, खिडक्या, शटर, सगळं सताड उघडलं. मला रस्त्याच्या कडेला उभं करून म्हणाली, "श्वास घे. मोठा. आणखी."

लोक बघत होते. मला लाज वाटली.

"झेनॉन आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे ऑपरेशनला वापरतात. हवेपेक्षा कितीतरी जड असतो, खाली साठतो. आवाज जाड करतो. आणखी थोडा साठला असता तर तू त्या पाटावरच झोपली असतीस, आणि उठली नसतीस."

"पण तो कुणाशी संयोग पावत नाही," मी म्हटलं.

"नाही पावत. नुसता मज्जापेशींच्या दारात जाऊन उभा राहतो. तेवढं पुरतं."

मग आम्ही गच्चीवर बसलो आणि तिनं मला नीट समजावून सांगितलं. जन्मभर मी शिकवलं, त्या दिवशी मी ऐकलं.

आठवण काढणं म्हणजे कपाटातून फोटो काढून बघून परत ठेवणं, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आठवण प्रत्येक वेळी वितळते आणि नव्यानं गोठते. गूळ पुन्हा काहिलीत घालून पुन्हा ढेप पाडावी तसं. वितळलेली आठवण परत घट्ट व्हायला मेंदूला काही तास काम करावं लागतं, आणि नेमकं तेच काम झेनॉन होऊ देत नाही. मनावर आघात झालेल्या रोग्यांना म्हणून तो मुद्दाम देतात, वाईट प्रसंग आठवायला लावून. धार बोथट होते.

"म्हणजे मी जे जे आठवलं—"

"ते ते पातळ होत गेलं. एका दिवसात नाही. पण तू रोज आठवत होतीस, आई."

मला यांची इतकी ओढ होती, आणि जितकी ओढ होती तितकं मी यांना पुसत होते. ज्या आठवणीवर जास्त जीव, ती आधी गेली होती. उरलं काय होतं? जे मला कधी आठवावंसं वाटलं नाही ते. यांचं घोरणं. ओला टॉवेल पलंगावर टाकणं. पाहुण्यांसमोर नखं कुरतडणं. तो उरलेला मनुष्य धनपाल मगदूमच होता, पण त्याच्यावर कुणी भाळलं असतं असं वाटत नव्हतं.

"आजच बंद करते मी तो राजा," चंदना उठली.

"हात लावायचा नाही," मी म्हटलं.

"आई!"

"तो आवाज यांच्या हातचा आहे. बाकी सगळं गेलं म्हणतेस. आता तोही गेला तर माझ्याकडे राहिलं काय?"

"तो आवाज ऐकायला तू खाली जाणार. खाली गेलीस की आठवणार. आठवलंस की आणखी जाणार."

"जाऊ दे. निदान खाली असते तेवढा वेळ हे असतात."

ती रडायला लागली. ऑपरेशनच्या खोलीत भल्याभल्यांना धीर देणारी बाई, लहानपणी रडायची तशीच, ओठ काढून रडली. "आणि माझं काय?" ती म्हणाली. "अण्णा गेले. आता तू मला पन्हाळ्याची गोष्ट विचारतेस. थोड्या दिवसांनी तू मला कोण म्हणून विचारशील, तेव्हा मी कुठं जाऊ?"

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. खालून डुगडुग येत होती.

थोड्या वेळानं तिनं नाक पुसलं आणि तिच्यातली डॉक्टरीणबाई परत आली. "एक विचारू? अण्णांचं असं काही आहे का, जे तू खाली बसून कधीच काढलं नाहीस? टाळलंस म्हण. ते शाबूत असणार."

मी जिना उतरायला लागले.

"आई, काय झालं? कुठे निघालीस?"

"राजा बंद करायला," मी म्हटलं. "आहे एक."

तिनं मला श्वास धरून उतरायला लावलं. खटका मीच ओढला. बिडाचं चाक ते, लगेच थोडंच थांबतंय? मी शेडच्या दारात येऊन उभी राहिले तरी ते फिरत होतं. डुग. डुग. मग बऱ्याच वेळानं एकदा डुग. त्यानंतरच्या डुगची मी वाट बघत राहिले, ती आली नाही.

शेजारच्या शेडमधल्या महंमदभाईंनी पंखा लावून खड्डा मोकळा केला, पॅकिंग काढलं आणि भोक झाळून टाकलं. राजा पुन्हा कंपनीनं पाठवला होता तसा झाला. दिवे लागत होते, पाण्याची मोटर चालत होती, आणि घर गप्प. चंदना घरभर झेनॉन मोजायचा मीटर घेऊन हिंडली. तो शून्यावर येईपर्यंत मला यांना आठवायची बंदी होती.

आठवायचं नाही, हे पाळून बघा एकदा. सकाळी यांचा कप दिसला की नजर वळवायची. बस्तीची घंटा झाली की पाढे म्हणायचे. आणि त्यात घर असं मुकं! ती शांतता माझ्या ओळखीची होती, आणि म्हणून तिच्याकडेही कान द्यायचा नव्हता. इतकी तहान मला कधी लागली नव्हती.

शेवटी चंदनानं मीटर दाखवला. शून्य. त्या संध्याकाळी आम्ही लवकर जेवलो, मी भांडी घासली, आणि एकटीच गच्चीवर गेले. पंचगंगेकडून वारा येत होता. मी सतरंजी टाकली, भिंतीला टेकले आणि ते भांडण बाहेर काढलं.

ज्या दिवशी राजा आला, त्या दिवशीचं भांडण. मी शाळेतून आले तर खड्ड्यात हा निळा डबा आणि सासऱ्यांचं इंजिन भंगारात गेलेलं, चाक तेवढं कोपऱ्यात. मी लग्न होऊन आले ती त्या डुगडुगीत. त्यावर झोपले, त्यावर उठले, चंदनाला त्या तालावर थोपटलं. मला विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "घर मुकं केलंत तुम्ही. तुम्ही कमी मुके होता का, म्हणून आणखी एक आणलात?"

"बंद डबा हाय त्यो, त्रिशे," हे म्हणाले. "बोलणार कसा?"

त्रिशे. हीच ती हाक. शेवटच्या अक्षराला किंचित ओढ, जशी फक्त यांनी दिली. भांडणाच्या आत पडून राहिली होती, आणि तिला कुणी धक्का लावला नव्हता.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं होतं. "एवढे कारागीर म्हणवता, तर बोलायला लावा." आणि मी पिशवी भरून माहेरी जयसिंगपूरला निघून गेले. फोन आला तर उचलायचा नाही असं ठरवून. भांडण म्हणून ते कधी आठवावंसं वाटलं नाही. चांगल्या आठवणी असताना भांडण कोण काढत बसतं?

गच्चीवर मी ते हळूहळू बघत गेले. यांचा तो चुरगळलेला निळा शर्ट. कानामागे अडकवलेली पेन्सिल. चिडल्यावर खालचा ओठ चावायची सवय. हसताना झाकायचा दातही तिथे होता, कारण भांडता भांडता मी 'मुका' म्हटल्यावर यांना हसू आलं होतं आणि यांनी तोंडावर हात नेला होता. सगळा माणूस तिथे होता. अख्खा.

मग जयसिंगपूर. काही दिवस गेले होते. आईच्या माजघरात फोन वाजला, आणि न उचलायचा तो मी उचलला. पलीकडून कुणी बोलेना. मी म्हटलं, "कोण आहे?" उत्तर नाही. मी ठेवणार इतक्यात लांबून आवाज आला. डुग. डुग. डुग. डुग. मी भिंतीला धरून खाली बसले. तो किती वेळ चालला कोण जाणे. मग यांनी घसा साफ केला.

"येतंय न्हवं ऐकायला?"

"येतंय," मी म्हटलं.

"मग ये की."

त्या दिवशी मी "येते" म्हटलं होतं आणि मिळाली त्या एसटीनं घर गाठलं होतं.

गच्चीवर अंधार पडला होता. खाली राजा गप्प होता. पण यांचा आवाज माझ्या कानाशी इतका जवळ होता की मी अंग चोरून बसले, हलले तर तो सांडेल अशा भीतीनं. मग ये की. मला यांच्याकडे जायचं होतं.

जिन्यावर चंदनाची चाहूल लागली. वर यावं की नाही अशी ती घुटमळत होती.

"थांबा जरा," मी यांना म्हटलं. "लेक आलीये."

माझा आवाज मला ऐकू आला. बारीक, चिरका, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. माझाच.